आपण शहाणे आहात काय?

मनुष्य जो व्यवसाय करीत असल्याचे सांगतो तो एक, आणि ज्यात त्याचे आयुष्य प्रत्यक्षात खर्ची पडते तो दुसरा, हा भेद मला प्रथम आमच्या आळीतील एका कीर्तनकारांकडे पाहून उमगला. कारण आख्यान रंगविण्यास त्यांना जेमतेम दोन घटका लागत, आणि उरलेला सगळा दिवस बिदागी, टेम्पो व ऐनवेळी तापाने आडवा झालेला पेटीवाला यांची व्यवस्था लावण्यात मावळत असे. माझीही गत निराळी नाही. जुन्या छपाईच्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर युनिकोडात आणून देणारा एक लहानसा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला, आणि तो कोणीही, कोणत्याही यंत्रावर, विनामूल्य वापरावा अशी घोषणा करण्याचे औदार्यही त्याच भरात दाखविले. प्रोग्राम अवघा तीन हजार ओळींचा असून तो लिहिण्यास एक मे महिना पुरला. 'कोणत्याही यंत्रावर' हे दोन शब्द मात्र मी गेली बारा वर्षे निस्तरीत आहे.

या निस्तरण्यास धंद्यातील लोक 'बिल्ड सांभाळणे' असे म्हणतात. प्रोग्रामाचा मूळ मजकूर घेऊन, ज्या यंत्रावर तो चालवावयाचा त्या यंत्राच्या चालीरीतींनुसार त्याचे संस्कार कसे करावेत, याचे जे एक दप्तर प्रोग्रामासोबत पाठवावे लागते, त्याची निगा राखणे असा या शब्दाचा अर्थ आहे. दप्तरात प्रोग्रामाविषयी फारसे काही नसते. त्यात असतात ती यंत्रांची मानपानाची खाती: कोणास काय चालते, कोणास कशाचे वावडे आहे, आणि मागील खेपेस कोण कशावरून रुसले होते.

वस्तुतः सी भाषेची ख्याती अशी की, जेथे तिचा कंपायलर आहे तेथे तिचा प्रोग्राम चालावा. १९७३ साली बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा गाभा याच भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि पुढे काही वर्षांतच तो एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेण्यात आला, तेव्हापासून ही ख्याती चालत आलेली आहे. ती खोटी नाही. फक्त तिच्याखाली बारीक अक्षरात पुष्कळ मजकूर आहे. दर बारा कोसांवर भाषा बदलते हा अनुभव मराठी माणसास नवा नाही, परंतु येथे शब्द तेच राहून मापे बदलतात. 'लाँग' नावाचा पूर्णांक ६४ बिटांच्या लिनक्सवर आठ बाइटांचा भरतो, आणि ६४ बिटांच्याच विंडोजवर चार बाइटांचा. पूर्वी परगण्यापरगण्याचा शेर निराळा असे, तशातलाच हा प्रकार. फरक इतकाच की शेर लहान भरला तर वाण्याशी भांडता येई, येथे भांडण्यास समोर कोणी नसते आणि आकडा निमूटपणे वाहून जातो.

मला हा धडा कोकणातील एका निवृत्त शिक्षकांनी दिला. त्यांनी रास्पबेरी पाय नावाचे पत्त्यांच्या डावाएवढे यंत्र घेतले होते, आणि आपल्या शाळेच्या जुन्या स्मरणिकांचा मजकूर त्यावर माझ्या प्रोग्रामात घातला होता. प्रोग्राम विनातक्रार चालला, आणि घातलेला मजकूर जसाच्या तसा परत देऊन मोकळा झाला. 'आपला प्रोग्राम अत्यंत प्रामाणिक आहे,' असे मास्तरांनी कळविले, 'दिलेले सर्व परत करतो.' चूक अशी होती की मी हाताळीत असलेल्या जुन्या फाँटांतील मराठी अक्षरे १२७ च्या पुढील आकड्यांवर वसलेली असतात. इंटेलच्या यंत्रांवर सीचा 'कॅर' हा प्रकार ऋण आकडे मानणारा असल्यामुळे ती अक्षरे उणे दिसतात, आणि मी 'उणे असेल ते मराठी समजावे' असा सोयीचा नियम लिहून ठेवला होता. मास्तरांच्या यंत्रात एआरएम जातीचा प्रोसेसर. त्यावरील लिनक्सच्या परंपरेत कॅर कधी उणा होतच नाही. सबब माझ्या प्रोग्रामाला तेथे मराठीचे एक अक्षरही दिसले नाही. खरा उपाय प्रोग्रामात दोन शब्द सुधारण्याचा होता. परंतु मी तोवर लेखकाचा कारकून झालो असल्यामुळे, कंपायलरने कॅर उणा धरावा अशा अर्थाचा एक हुकूम दप्तरात चढविला. मग विंडोजच्या कंपायलरला तो हुकूम ठाऊक नसल्याचे निष्पन्न झाले, म्हणून 'विंडोज खेरीजकरून' अशी पुरवणी जोडली. दप्तरे वाढतात ती अशी.

नावांचा घोटाळा याहून मनोरंजक. चाचणीसाठी ठेवलेल्या फाइलींची नावे मी मोठ्या अभिमानाने देवनागरीत दिली होती. लिनक्सने ती बिनतक्रार उघडली. विंडोजवर सीच्या साध्या 'एफओपन'ला तीच नावे युनिकोडात दिली असता तो ती आपल्या जुन्या कोष्टकातून वाचू लागला आणि अशी फाइल अस्तित्वात नाही असे सांगता झाला. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे निराळे फंक्शन वापरावे लागले. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या रचनेने तर कमाल केली: 'तऱ्हा' नावाची फाइल तिने ठेवून घेतली खरी, पण ठेवताना त्यातील 'ऱ' चे साधा 'र' आणि खालचे टिंब असे दोन तुकडे केले, आणि यादीत ते तसेच परत दिले. डोळ्यांना काडीचाही फरक नाही. तुलना करणाऱ्या प्रोग्रामाच्या लेखी मात्र ही तऱ्हा ती नव्हे. एका टिंबाने तीन दिवस घेतले. टिंबाचे सामर्थ्य याहून मोठे असते हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

दप्तर लिहिण्याचे पहिले साधन म्हणजे 'मेक'. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी हा कारभारी निर्माण केला. कोणती वस्तू कशापासून होते याचे टिपण त्याच्या हाती दिले की, जे शिळे झाले असेल तेवढेच तो नव्याने करतो. डब्यात ताज्या पोळ्या असताना सुज्ञ गृहिणी पुन्हा कणीक भिजवीत नाही, तद्वत. मात्र शिळे-ताजे तो चव घेऊन ठरवीत नाही, फाइलीवरील तारीख-वेळ पाहून ठरवतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. या कारभाऱ्याची एकच खोड: आज्ञेच्या ओळीचा आरंभ टॅबने झाला पाहिजे, मोकळ्या जागांनी झालेला चालणार नाही. टॅब आणि आठ मोकळ्या जागा यांत डोळ्यांना दिसण्याजोगा भेद नसल्यामुळे, कागदावर जे नाही त्यावरून भांडण कसे होते हे मला प्रथमच पाहावयास मिळाले. फेल्डमन यांच्या ही अडचण लवकरच ध्यानात आली होती. परंतु तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, आणि त्यांची मांडलेली घडी विसकटणे फेल्डमन यांना प्रशस्त वाटले नाही. त्या डझनभर सद्गृहस्थांची गैरसोय टळावी म्हणून पुढील पन्नास वर्षे उर्वरित जग ती सोसत आले आहे. दाक्षिण्याचा इतका विस्तृत परिणाम इतिहासात क्वचितच आढळेल.

आता यंत्रायंत्रांतील भेदांचा बंदोबस्त कसा करावा, याविषयी या धंद्यात दोन संप्रदाय आहेत. पहिला संप्रदाय कुळ विचारणारांचा. प्रोग्रामात जागोजाग 'आपण विंडोज असाल तर असे, मॅक असाल तर तसे, एरवी हे' अशी कलमे घालावयाची. आरंभी मी याच पंथाचा होतो, आणि मला तो सरळ वाटे. परंतु कुळाच्या नावावरून माणसाविषयी जितके कळते तितकेच यंत्राविषयी कळते. विंडोजची ओळख पटविणाऱ्या खुणेचे नाव 'विन ३२' असे असून ती ६४ बिटांच्या विंडोजवरही तशीच असते. पागनिसांच्या घरात आज कोणी पागा सांभाळीत नाही आणि चिटणीसांच्या घरात कोणी पत्रे लिहीत नाही, तरी दारावरची पाटी बदलत नाही, त्याप्रमाणे. शिवाय कुळ तेच राहून गुण बदलतात. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरजवळ 'एसएनप्रिंटएफ' हे सर्वमान्य फंक्शन प्रमाण रूपात नाही, असे मी कुळावरून लिहून ठेवले होते. २०१५ च्या आवृत्तीत ते आले, आणि माझी कलमे त्या कुळाची जुनीच निंदा करीत राहिली.

दुसरा संप्रदाय गुण पाहणारांचा. नाव विचारू नये, काम सांगून पाहावे. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी या तत्त्वावर 'ऑटोकॉन्फ' लिहिण्यास घेतले. त्यातून 'कॉन्फिगर' नावाचा जो चौकशी अधिकारी तयार होतो, तो नव्या यंत्रावर पाऊल ठेवताच तेथील रहिवाशांची उलटतपासणी सुरू करतो. कंपायलर आहे काय? असल्यास तो चालतो काय? अमुक फंक्शन आहे काय? प्रत्येक प्रश्नागणिक तो एक टीचभर प्रोग्राम लिहितो, कंपायलरपुढे टाकतो, जमला तर 'होय', न जमला तर 'नाही' अशी नोंद करतो, आणि तो प्रोग्राम फाडून पुढील प्रश्नाकडे वळतो. 'नाही' का आले याची विचारपूस तो करीत नाही. हा त्याचा निःपक्षपातीपणा. त्याच्या जोडीस लिबटूल नावाचे साहाय्यक मी घेतले, तेव्हा त्यांच्या माझ्याजवळच्या जुन्या आवृत्तीने माझ्या निव्वळ सीच्या प्रोग्रामासाठी फोर्ट्रानच्याही कंपायलरचा शोध चालविला होता. विवाहाच्या बोलण्यांत वराच्या मावसकाकांना पोहता येते काय असे विचारावे, तशी ती आस्था होती.

कुळ अगदीच विचारले जात नाही असे नव्हे. यंत्राचे प्रोसेसर, निर्माता आणि कार्यप्रणाली अशा तीन भागांचे नाव नोंदवावे लागते, आणि निर्मात्याच्या जागी पुष्कळदा 'अननोन' असे लिहिलेले असते. ज्यास आपले गोत्र ठाऊक नाही त्याचे काश्यप समजावे अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली आहे. तिकडील लोकांनी अज्ञात हेच गोत्र ठरवून टाकले, आणि त्या गोत्रातील यंत्रांची भरभराट उत्तम चालली आहे.

या अधिकाऱ्याचा जन्म मात्र फार गुंतागुंतीचा. मी जे लिहितो ते काही ओळींचे टिपण. ते एम४ नावाच्या, १९७७ साली कर्निघन व रिची यांनी रचलेल्या भाषेत असते. त्यातून हजारो ओळींचा कॉन्फिगर निर्माण होतो. कॉन्फिगर चौकशी करून मेकफाइल निर्माण करतो. आणि मेकफाइल प्रोग्राम निर्माण करते. पणजोबांच्या पत्रातील एक कंस चुकला तर त्याचे प्रायश्चित्त पणतीस घ्यावे लागते, आणि ती बिचारी आपल्या तक्रारीत ज्या ओळीचा क्रमांक सांगते ती ओळ कोणाही मनुष्याने लिहिलेली नसते.

या दप्तरातील अतिकरुण भाग म्हणजे मृतांची कलमे. अल्ट्रिक्स, आयरिक्स यांसारख्या कार्यप्रणाली निजधामास जाऊन बरीच वर्षे लोटली. तथापि त्यांच्या एकेका लहरीसाठी केलेली कलमे मी दुसऱ्यांच्या दप्तरांतून श्रद्धेने उतरवून घेतली, आणि माझा कॉन्फिगर दर खेपेस त्यांच्या नावे प्रश्न विचारतो. हे एक प्रकारचे श्राद्धच आहे. कोणासाठी पान वाढले हे ठाऊक नसते, पण पान मांडायचे राहिले तर काय अनर्थ होईल या भयाने ते मांडले जाते. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेसोबतचा तपासनीस या बाबतीत अधिक रसिक: डिजिटल कंपनीच्या व्हीएमएस प्रणालीवर युनिक्सचे सोंग आणणारी युनिस नावाची एक व्यवस्था होती, आणि आपण युनिस वापरीत नाही असे आढळताच तो तपासनीस आपले अभिनंदन करी. मेलेल्याविषयी वाईट बोलू नये हा संकेत मोडून, त्याच्या तावडीतून सुटलेल्यांस पेढे वाटण्याची ही पद्धत मला मनापासून आवडते. परंतु माझ्या दप्तरात ती घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

विंडोजच्या रहिवाशांना कॉन्फिगर भेटू शकत नाही, कारण तो ज्या शेलच्या भाषेत बोलतो ती त्यांच्या घरी मुळात नसते. त्यांच्यासाठी मी 'सीमेक' नावाचे दुसरे दप्तर उघडले. २००० साली किटवेअर या कंपनीत ते जन्मास आले, आणि त्याची चतुराई अशी की एकाच टिपणातून लिनक्सवाल्यास मेकफाइल आणि विंडोजवाल्यास व्हिज्युअल स्टुडिओचा प्रकल्प काढून देते. दोष एवढाच की त्याची स्मरणशक्ती दीर्घ आहे. एखादी लायब्ररी बसविलेली नसताना चाचणी झाली की उत्तर त्याच्या 'कॅश' नामक वहीत 'नाही' असे चढते. मग लायब्ररी बसवा, दिवा लावून दाखवा, ते वहीच प्रमाण मानते. तलाठ्याच्या कागदी एकदा 'मयत' अशी नोंद झालेल्या इसमाने कचेरीत स्वतः उभे राहून उपयोग होत नाही, त्याला दाखला लागतो. येथे दाखलाही मिळत नाही. संपूर्ण वहीच फाडावी लागते. सीमेक चालविणारा प्रत्येक अनुभवी मनुष्य अडचण येताच काही न वाचता ते फोल्डर पुसून टाकतो, आणि या विधीस निदान असे म्हणतो.

अशा रीतीने दोन दप्तरे, दोन परीक्षक आणि शेकडो प्रश्न यांच्या भरवशावर मी निश्चिंत होतो. चाचणीवर माझी श्रद्धा होती: कुळ खोटे सांगेल, परीक्षा खोटे सांगणार नाही. २०२४ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस ही श्रद्धा डळमळली. एक्सझेड युटिल्स नावाचे, फाइली आक्रसून ठेवणारे एक सर्वत्र वापरले जाणारे साधन आहे. त्याच्या कारभारात विश्वास संपादन करून शिरलेल्या कोणी एकाने ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट ठेवल्याचे उघडकीस आले. ती चोरवाट प्रोग्रामाच्या मजकुरातून काढलेली नव्हती, बिल्डच्या दप्तरातून काढलेली होती: प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात एक एम४ फाइल होती, जी मूळ भांडारात नव्हतीच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रात शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत तो तेथवर पोहोचला. ज्या धंद्यात मी तीन तीन दिवसांचा हिशेब ठेवीत नाही त्यात अर्ध्या सेकंदाचा हिशेब मागणारा मनुष्य असावा, याने मी ओशाळलो.

पण माझी झोप उडविली ती दुसऱ्या एका बारकाव्याने. त्याच साधनाच्या सीमेकच्या दप्तरात, लँडलॉक नावाची सुरक्षेची सोय यंत्रावर आहे काय हे पाहणारी एक चाचणी होती, आणि तिच्या टीचभर प्रोग्रामात एका ओळीवर नुसते एक टिंब टाकलेले आढळले. टिंबामुळे तो प्रोग्राम कोणत्याही कंपायलरला जमणे अशक्य. सबब प्रत्येक यंत्र त्या प्रश्नास अनुत्तीर्ण, आणि सुरक्षा सर्वत्र 'उपलब्ध नाही' म्हणून बंद. प्रश्नपत्रिकेतच खोट असल्यावर विद्यार्थी हुशार असून काय उपयोग? परीक्षकाने शिरस्त्याप्रमाणे कारण विचारले नाही, आणि विद्यार्थी यंत्रच असल्यामुळे त्यानेही गुणांची फेरतपासणी मागितली नाही. त्या रात्री मी माझ्या दोन्ही दप्तरांतील टिंबे मोजली. सगळी जागच्या जागी होती. परंतु मृतांच्या नावे विचारले जाणारे तीन प्रश्न असे सापडले की, त्यांचे उत्तर जिवंत किंवा मृत कोणतेही यंत्र कधीही 'होय' असे देऊ शकले नसते. ती चूक माझीच. उतरवून घेताना झालेली. बारा वर्षे मी एका श्राद्धाचे पान चुकीच्या गोत्राने मांडीत होतो, आणि कावळा शिवत नाही याचेही मला काही वाटले नव्हते.

दप्तर दुरुस्त करून मी नवी आवृत्ती काढली. कॅरचा हुकूम रद्द करून, बारा वर्षे टाळलेले ते दोन शब्द प्रोग्रामात सुधारले, आणि पहिला मान म्हणून ती कोकणातील मास्तरांकडे धाडली. आठवड्याने त्यांचे उत्तर आले. त्यात तक्रार नव्हती, चौकशी होती. 'आपले कॉन्फिगर,' त्यांनी लिहिले होते, 'माझे यंत्र शहाणे आहे काय असे प्रारंभीच विचारते, आणि नाही असे स्वतःच ठरवून काम थांबवते. काही औषध आहे काय?'

ही चाचणी खरोखरच आहे. बिल्डचा परिसर शुद्धीवर आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न कॉन्फिगर अगदी आरंभी विचारतो. तो नेमके काय तपासतो हे मी इतक्या वर्षांत पाहिले नव्हते. शहाणपणाच्या परीक्षेत मीही डोळे मिटूनच उत्तीर्ण होत आलो होतो. पाहिले तेव्हा हसू आले. तो एक कोरी फाइल तयार करतो आणि ती त्याच्या स्वतःच्या फाइलीहून नवी ठरते काय एवढेच पाहतो. आज हे कालच्या नंतर येते, इतके ज्याला कळते तो शहाणा. मेक शिळे-ताजे तारखेवरून ठरवतो ना, म्हणून ही खबरदारी. मास्तरांच्या त्या चिमुकल्या यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. वेळ ते इंटरनेटवरून विचारून घेते, आणि त्यांच्या गावी इंटरनेट पावसाळाभर रजेवर होते. शेवटी बंद केले त्या दिवसाचीच तारीख धरून ते पुन्हा जागे झाले, आणि भविष्यकाळातून आलेली माझी आवृत्ती त्याच्यापुढे येऊन पडली. अल्ट्रिक्स अजून हयात आहे काय अशी दर खेपेस आस्थेने विचारपूस करणाऱ्या माझ्या अधिकाऱ्याने, तारीख पंधरा दिवस मागे आहे म्हणून त्या गरीब यंत्रास वेडे ठरविले होते.

मास्तरांना मी तारीख हाताने कशी बसवावी ते कळविले. त्यांनी ती बसविली. यंत्र शहाणे ठरले. स्मरणिका युनिकोडात आल्या. अल्ट्रिक्सचा प्रश्न मात्र मी अद्याप काढलेला नाही. काढण्यास हरकत कोणाचीच नाही. पण दप्तर उघडले की वाटते, या एका ओळीने आपले काय बिघडते, आणि मी ते तसेच मिटवून ठेवतो.